पुण्यात नवीन आहात? मग पाट्या, नावं आणि दगड वाचत असं फिरा

पुण्यात नवीन आलेला माणूस पहिल्या महिन्यात एकदा तरी शनिवारवाड्यावर जातो. दिल्ली दरवाजासमोर फोटो काढतो, तिकीट काढून आत जातो, दहा मिनिटं हिरवळीवरून फिरतो आणि "अरे आत तर काहीच नाहीये" म्हणत बाहेर येऊन भेळ खातो. मी पण हेच केलं होतं. बार्शीहून नोकरीसाठी आलो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तो पहिला रविवार अजून आठवतो, कारण त्यानंतर सहा महिने मी पेठांकडे फिरकलोच नव्हतो, नळस्टॉपच्या पलीकडे जायचं म्हणजे ट्रॅफिक आणि पार्किंग एवढंच डोक्यात.

नंतर हळूहळू कळलं की आपल्याला बघायचं कसं तेच माहिती नव्हतं. जुनं पुणं काचेच्या पेटीत ठेवलेलं नाहीये, ते मोबाईल कव्हरच्या दुकानाच्या वर, रिक्षा स्टँडच्या मागे, एखाद्या फ्लेक्सखाली दबलेलं असतं. ते शोधायची एक सवय लागते. ती लागायला मला जेवढा वेळ गेला तेवढा तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय. इतिहासाचा अभ्यासक वगैरे नाहीये मी, नुसता फिरणारा माणूस.

पहिली स्टेप: लिस्ट फाडून टाका

"पुण्यातली १५ ठिकाणं एका दिवसात" अशी लिस्ट असेल फोनमध्ये तर डिलीट मारा. एका सकाळी एकच पेठ, फार तर दोन. कसबा पेठेतून सोमवार पेठेपर्यंत नीट बघत गेलात तर तीन तास सहज जातात.

वेळ रविवारी सकाळी साडेसहा-सात. का, तर एक म्हणजे दुकानं बंद असतात त्यामुळे वाड्यांचे दरवाजे, वरच्या मजल्याचे सज्जे, कोरलेल्या तुळया दिसतात, एरवी सगळं बोर्ड आणि ताडपत्रीच्या मागे. दुसरं म्हणजे त्या वेळी पेठेतली म्हातारी माणसं देवाला, दुधाला बाहेर पडलेली असतात आणि गप्पा मारायच्या मूडमध्ये असतात. दुपारी एक ते चार या वेळात कुणाची बेल वाजवायची नाही, हा विनोद म्हणून सोडून देऊ नका, खरंच वाजवू नका.

गाडी आणू नका. शिवाजीनगर कोर्टाकडून स्वारगेटकडे जाणारी भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून चालू झालीये, कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्टेशनं थेट जुन्या गावाच्या पोटात उघडतात. पूर्वी अर्धी सकाळ पार्किंगमध्ये जायची, आता वर आलं की समोर पेठ. एवढ्या सकाळची गाडी आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेवा, नसेल तर बस किंवा रिक्षा. सोबत पाण्याची बाटली, छोटी वही, पेन आणि एक टॉर्च. फोनचा टॉर्च चालेल पण वेगळा असेल तर बरं, का ते पुढे सांगतो. चपला पटकन काढता येतील अशा घाला, देवळं खूप लागतात.

पाटी वाचायची, पण पाटीवर थांबायचं नाही

पेठांमध्ये फिरताना तुम्हाला वेगवेगळ्या पाट्या दिसतील आणि सगळ्यांचं वजन सारखं नसतं. जुन्या घरांवर निळ्या रंगाची पाटी दिसली की समजा इथे कोणीतरी नामवंत माणूस राहून गेलाय. या पाट्या वरच्या बाजूला असतात, मान खाली घालून चालणाऱ्याला दिसत नाहीत, म्हणून पेठेत मान वर ठेवून चालायचं, अर्थात मधेमधे खालीही बघायचं कारण ड्रेनेजची झाकणं. दुसरी पाटी पुरातत्त्व खात्याची, "संरक्षित स्मारक" असं लिहिलेली, त्याखाली १९५८ च्या कायद्याचा उल्लेख आणि नुकसान केलं तर शिक्षा वगैरे. ही दिसली की समजायचं जागा सरकारी यादीतली आहे. तिसरी महापालिकेची. आणि मग मंडळांनी, ट्रस्टनी, कुटुंबांनी स्वतः लावलेल्या पाट्या, संगमरवरी, ग्रॅनाइटच्या, काही नुसत्या रंगवलेल्या. या शेवटच्या प्रकारात माहिती खूप रसाळ असते पण जरा सांभाळून, कारण प्रत्येक देऊळ "अतिप्राचीन" आणि "स्वयंभू" असतं.

पाटीवर मी आता एकच गोष्ट आधी शोधतो: समोर उभी आहे ती वास्तू मूळची का नंतर बांधलेली. हे शिकलो ते पोपट होऊन. मावसभाऊ आणि वहिनी गावाहून आले होते, त्यांना लाल महालात घेऊन गेलो आणि एकदम जोशात सांगायला लागलो, हीच ती भिंत, हीच ती खिडकी, इथेच शाहिस्तेखानाची बोटं तुटली. शेजारी एक आजोबा उभे होते, पांढरी टोपी, हातात दुधाची पिशवी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घटना इथलीच हो, पण ही इमारत महापालिकेने बांधलीय. मी येता-जाता बघितलंय काम चालू असताना." मावसभाऊ माझ्याकडे बघतोय, वहिनी हसू दाबतायत. नंतर वाचलं, बरोबर होतं त्यांचं. शहाजीराजांनी बांधलेला मूळ लाल महाल कधीच नामशेष झाला, आत्ताची वास्तू १९८०च्या दशकातली, १९८८ ला पूर्ण झालेली. शाहिस्तेखानावरचा छापा ५ एप्रिल १६६३ चा. जागा मोलाची आहेच, पण खिडकी ती नाही.

आणि कधीकधी उलटं असतं, वास्तू गेलेली आणि जागाच तेवढी राहिलेली. बुधवार पेठेत दगडूशेठच्या देवळासमोर भिडे वाडा होता, १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो. मी बघितला तेव्हा पार मोडकळीला आलेला होता, खाली दुकानं, हजारो लोक समोरच्या गणपतीला हात जोडून वाड्याकडे पाठ फिरवून जायचे. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला, राष्ट्रीय स्मारकासाठी. जुना फोटो नेटवर शोधून फोनवर उघडा आणि मग त्या जागेसमोर उभे रहा. ही ट्रिक सगळीकडे चालते, मी निघायच्या आधी रात्री त्या भागाचे दोन-तीन जुने फोटो सेव्ह करून ठेवतो.

शके दिसलं की घाबरू नका

देवळाच्या दारावर, घाटाच्या पायरीवर, समाधीवर तारीख असते पण ती "शके" मध्ये. साधा हिशोब, शकात ७८ मिळवायचे की इसवी सन. शके १६८१ म्हणजे १७५९. इथे एक छोटी गोची आहे. शक चैत्रात, गुढीपाडव्याला बदलतो, आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत. त्यामुळे तिथी पौषाच्या उत्तरार्धातली, माघ-फाल्गुनातली असेल तर बहुतेक वेळा ७८ च्या ऐवजी ७९ मिळवावे लागतात. उदाहरण शनिवारवाड्याचंच घ्या, पायाभरणी माघ शुद्ध तृतीया शके १६५१. ७८ मिळवले तर १७२९ येतं, पण तारीख आहे १० जानेवारी १७३०. मी सुरुवातीला दर वेळी एक वर्षाने चुकायचो आणि वहीत दोन-दोन सनावळ्या लिहून ठेवायचो.

संवत लिहिलं असेल तर ५७ वजा करायचे, तिथेही वर्ष कुठून सुरू होतं त्यावर एखाद्या वर्षाचा फरक पडतो. फारसी किंवा मोडी असेल तर नीट फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. मोडी शिकवणारे वर्ग पुण्यात भरतात, आवड लागली तर जरूर करा, मी अजून अर्ध्यातच आहे.

शिलालेखाचा फोटो काढायचाय तर त्यावर पीठ, खडू, तेल, पाणी काहीही लावायचं नाही. टॉर्च घ्यायचा, अगदी बाजूने, दगडाला जवळपास चिकटून आडवा प्रकाश पाडायचा. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं, बाजूने प्रकाश पडला की अक्षरांत सावली भरते आणि जे वाचता येत नव्हतं ते वर येतं. टॉर्च सांगितला तो यासाठी.

पहिला रविवार: कसबा ते सोमवार पेठ

आता प्रत्यक्ष चालूया. कसबा पेठ मेट्रो स्टेशनवरून वर या आणि आधी शनिवारवाड्याकडे जा, आत जायची घाई नको, तिकीटखिडकी उघडायला वेळ असतो. बाहेरूनच तटाला चक्कर मारा. खाली दगडी बांधकाम, वर वीट, हा फरक डोळ्यांनी दिसतो. दरवाजे पाच: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ किंवा नारायण. लोक फक्त दिल्ली दरवाजा बघतात, उत्तरेकडे तोंड करून उभा आहे तो. त्याच्या फळ्यांवरचे लोखंडी अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीचे आहेत, म्हणजे हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून, आणि मोठ्या दारात माणसापुरता छोटा दिंडी दरवाजा. शेवटचा जो नारायण दरवाजा, त्याचं नाव नारायणराव पेशव्यांवरून. ३० ऑगस्ट १७७३ ला वाड्यातच त्यांचा खून झाला, गारद्यांनी, म्हणजे पगारी पहारेकऱ्यांनी केला, आणि "काका मला वाचवा" ची गोष्ट तुम्हाला कोणीही पुणेकर न विचारता सांगेल, भुतासकट.

आत काही का नाही याचं उत्तर २७ फेब्रुवारी १८२८ मध्ये आहे. त्या दिवशी आग लागली ती सात दिवस जळत होती म्हणतात, आणि वरचा सगळा डोलारा लाकडाचा. म्हणून आत गेल्यावर हिरवळीकडे बघू नका, जोत्यांकडे बघा. पायऱ्या कुठे जातात, चौक कुठे, हौद कुठे, भिंतीची जाडी किती, हे दगडात स्पष्ट राहिलंय, घराचा नकाशा जमिनीवर काढून ठेवल्यासारखा. दिल्ली दरवाजाच्या आतल्या बाजूला भिंतींवर पुसट झालेली चित्रं आहेत, तिथे सावलीत दोन मिनिटं थांबा, डोळे सरावले की रंग दिसायला लागतात. गर्दी त्यांच्यासमोरूनच जाते, कोणी थांबत नाही.

तिथून लाल महाल, मग कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत, जिजाऊंनी देऊळ बांधलं असं मानतात. देऊळ बघून झालं की लगेच निघू नका, आजूबाजूच्या बोळांत शिरा. कसब्यात अजून कारागिरांच्या आळ्या आहेत, तांबट आळी, बुरुड आळी, कुंभारवाडा. तांबट आळीत रविवारी सामसूम असेल कदाचित, पण कामाच्या दिवशी गेलात तर आवाजावरूनच सापडते, मॅप लागत नाही. तांब्याच्या भांड्यावर गोल डोक्याच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके मारतात, त्याला मठारकाम म्हणतात, आणि ठोके इतके एकसारखे पडतात की लांबून खवल्यांसारखं दिसतं. विकत काही घ्यायचं नसेल तरी उभं राहून बघा, फक्त आधी "बघू का काका?" एवढं विचारा.

मग साततोटी चौक, हौदाला सात तोट्या होत्या म्हणून साततोटी, आणि तिथून कमला नेहरू हॉस्पिटलच्या बाजूने सोमवार पेठेत. इथे येण्यासाठीच मी हा रूट सांगतोय. नागझरीच्या काठाला त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे आणि माझ्या मते पुण्यातलं सगळ्यात भारी कोरीवकाम इथे आहे. बाकीची पेशवाईतली देवळं साधी असतात, लाकडी सभामंडप, वर चुन्याचं शिखर. हे पूर्ण काळ्या दगडाचं, आणि दर्शनी भिंत अशी गच्च कोरलेली की एकदा बघून पुरत नाही.

भीमगिरजी गोसाव्यांनी १७५४ मध्ये काम सुरू केलं, १७७० मध्ये गणपतीची स्थापना झाली. दारासमोर उभे रहा आणि खालच्या पट्टीत शोधा: टोपीवाले, म्हणजे इंग्रज, शिपाई एका गेंड्याला साखळीने बांधतायत. हो, गेंडा, पुण्यात, अठराव्या शतकात. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे बंगाल इंग्रजांच्या घशात गेला त्याच काळात हे देऊळ बांधलं जात होतं, आणि गेंडा म्हणजे बंगाल-आसामचा प्रदेश, असा अर्थ लावतात. गोसावी लोक व्यापार, सावकारी करत देशभर फिरायचे, त्यांना बातमी लागली असणारच. मला हे शिल्प त्या वेळच्या व्यंगचित्रासारखं वाटतं. आत गर्भगृहाच्या भिंतीवर तीन लेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. पुण्यात गणपतीच्या गाभाऱ्याशी फारसी लेख, यावर जरा विचार करत बसलो होतो मी पहिल्यांदा. मूर्तीला तीन सोंडा आणि वाहन मोर. खाली तळघर आहे, तिथे पाणी असतं, गोसाव्यांची समाधी तिथेच, आणि ते गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी उघडतात.

इथपर्यंत आलात की बास. जवळच नागेश्वराचं जुनं देऊळ आहे ते बघा आणि नाश्ता करा.

नावं म्हणजे फुकटची पाटी

जिथे पाटी नाही तिथे नाव वाचायचं. मला तर आता नावांचाच नाद जास्त लागलाय. वारांच्या पेठांची नावं कशी पडली ते ऐका, त्यातल्या बऱ्याच आधीपासून होत्या, नावं बदलली पेशवाईत. रविवार पेठेचं जुनं नाव मलकापूर, गुरुवार पेठ म्हणजे वेताळ पेठ. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, पानिपतावर गेले ते. नारायण पेठ नारायणरावांची, नाना पेठ नाना फडणीसांची, रास्ता पेठ सरदार रास्त्यांची, म्हणजे रस्त्याशी काही संबंध नाही. फरासखाना आता पोलिस चौकीमुळे माहितीये सगळ्यांना, पण मुळात ती पेशव्यांचे तंबू, राहुट्या, बिछायती ठेवायची जागा. आणि दारूवाला पूल ऐकून हसू नका, ती दारू तोफेची.

देवांची नावं तर विचारूच नका. पासोड्या विठोबा, कारण समोर पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणं, विकायला बसायचे. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती, बटाट्या मारुती, उपाशी विठोबा, निवडुंग्या विठोबा, गुपचूप गणपती, दाढीवाला दत्त. सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर, मूर्तीवरून मारामारी होऊन रक्त सांडलं म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. प्रत्येकाची गोष्ट शेजारच्या दुकानदाराला विचारायची आणि मग पुढच्या दुकानदाराला तीच विचारायची, दोन वेगळ्या मिळतील. दोन्ही लिहून घ्या, खरी कुठली हे ठरवायची घाई नको. वहीत मी कडेला एक खूण करतो, "वाचलं", "ऐकलं" आणि "बघितलं". हे तीन वेगळे ठेवले की नंतर कोणाला सांगताना लाल महालासारखी फजिती होत नाही.

नाव टिकतं आणि वस्तू जाते, याचं उदाहरण लकडी पूल. पानिपतानंतर नानासाहेबांनी १७६१ मध्ये घाईने लाकडी पूल बांधला म्हणून लकडी पूल. आत्ताचा पूल लाकडाचा नाही, कागदोपत्री नाव छत्रपती संभाजी पूल, पण रिक्षावाल्याला लकडी पूलच सांगायचं. सारसबागेतल्या गणपतीला जुनी मंडळी अजून तळ्यातला गणपती म्हणतात, कारण पूर्वी तिथे खरंच तळं होतं आणि देऊळ मधल्या बेटावर.

दुसरा रविवार: पाण्याच्या मागे जा

हा माझा आवडता विषय, थोडा लांबेल.

नदी शेजारून वाहत असताना नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास पाणी आणलं ते कात्रजहून. डोंगरात तलाव बांधला, तिथून जमिनीखालून दगडी नळ गावापर्यंत, आणि गावात ठिकठिकाणी हौद. ना पंप ना मोटर, नुसता उतार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार असा धरायचा की पाणी थांबता कामा नये आणि फार जोरात येऊन बांधकाम फोडताही कामा नये. आणि मधे हवा कोंडली तर? त्यासाठी नळावर ठराविक अंतरावर उच्छ्वास बांधलेत, धुराड्यासारखे उभे मनोरे. दाब मोकळा व्हायचा, आणि आत उतरून गाळही काढता यायचा. नाव काय सुंदर आहे बघा, उच्छ्वास. यातले काही अजून उभे आहेत, लोक त्यांना जुना खांब किंवा कसलीतरी समाधी समजून जातात. मी स्वतः एका उच्छ्वासाशेजारी वर्षभर गाडी लावत होतो, त्यावर कुठल्यातरी क्लासची जाहिरात चिकटवलेली होती, काय आहे ते कळलंच नाही.

२०१९ मध्ये मेट्रोचं काम चालू असताना स्वारगेटला खाली जुनं भुयार लागलं आणि गावभर चर्चा, गुप्त मार्ग, खजिना, काय काय. ते पाण्याचंच भुयार होतं.

तर दुसऱ्या रविवारी हौद शोधा. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, पंचहौद. बहुतेक ठिकाणी नुसतं नाव उरलंय, चौकाचं किंवा बसस्टॉपचं. हौदाचा एक अर्थ मात्र गंज पेठेत गेल्याशिवाय कळत नाही. तिथे महात्मा फुल्यांचा वाडा आहे, समताभूमी. आवारात हौद आहे. १८६८ मध्ये जोतीरावांनी तो हौद अस्पृश्य ठरवलेल्या लोकांसाठी खुला केला. आधी गावातले बाकी हौद बघून, पाणी कसं आलं आणि कुणाच्या दारापर्यंत आलं हे डोक्यात ठेवून या हौदापाशी उभे रहा, म्हणून म्हणतो हा क्रम बदलू नका.

पाण्याचं अजून एक. पुण्यात कोणी म्हातारं माणूस नुसतं "पुराच्या आधी" म्हणालं तर पूर म्हणजे १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस. नदीकाठच्या पेठांत घरंच्या घरं गेली, कित्येक जुने वाडे त्यातच संपले. काही जुन्या इमारतींवर पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण आहे, सापडली तर शेजारी उभं राहून बघा, पोटात कसंतरी होतं.

बाकी ठिकाणं भराभर

मंडई: १८८६ ची इमारत, आधीचं नाव रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई. मधला मनोरा आणि खालचे भाजीचे गाळे एका फ्रेममध्ये घ्या. टिळकांचा पुतळाही बघा, १९२४ चा. तिथून तुळशीबागेतलं राममंदिर, हो, तुळशीबागेत देऊळ आहे, अर्ध्या गिऱ्हाइकांना माहिती नाही. मग बेलबाग, नाना फडणीसांनी बांधलेलं. विश्रामबागवाड्याचा लाकडी सज्जा आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून बघा, जवळून दिसत नाहीत. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा तो, इंग्रजांनी १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा काढली, त्याच पाठशाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. केसरीवाडा नारायण पेठेत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या सकाळीच चढा. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं, समोरचा गोल नंदीमंडप पुण्यात दुसरीकडे कुठे नाही. पेशवे यायच्या हजार वर्षं आधीचं पुणं बघायचं तर हेच. राष्ट्रकूटांच्या ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्याच्या प्रदेशाचं नाव येतं, तो हा काळ.

आगाखान पॅलेसला वेगळा अर्धा दिवस ठेवा, कस्तुरबांची आणि महादेवभाई देसाईंची समाधी आहे, तिथे गडबडीत जाऊ नये.

माणसांशी बोलायचं कसं

वाडा म्हणजे कुणाचं तरी घर. दरवाजा उघडा दिसला म्हणून कॅमेरा काढून घुसायचं नाही. चौकात पाऊल टाकायच्या आधी हाक मारायची, काका किंवा काकू म्हणायचं, आपण कुठून आलो ते सांगायचं आणि "जरा बाहेरून बघू का?" असं विचारायचं. बाहेरून म्हटलं की आत बोलावतात, आत येऊ का म्हटलं तर "काय काम आहे?" हा पुण्याचा नियम समजा.

एकदा शुक्रवार पेठेत मी एका वाड्याच्या दाराची गणेशपट्टी बघत उभा होतो, वरून आवाज आला, "विकायचा नाहीये!" मी म्हटलं, काकू, मी बिल्डर नाही, नुसतं बघतोय. दोन मिनिटं शांतता. मग, "मग खालून काय दिसतंय? वर या." चहा मिळाला, सासूबाईंच्या लग्नाची गोष्ट मिळाली आणि माळवदावरून अख्ख्या पेठेची कौलं दिसली. भाडेकरू-मालक, कोर्टकचेऱ्या हा विषय मात्र आपणहून काढू नका, तो निघाला की दुपार होते.

देवळात फोटोला मनाई असेल तर नाही काढायचा. मला एका ठिकाणी पुजाऱ्यांनी फोन ठेवायला लावला होता, तेव्हा राग आला, पण मग वहीत चित्र काढत बसलो, चित्र भयंकर आलं, तरी त्या खांबावर किती हंस आहेत ते मला आजही पाठ आहे. सात.

जून ते सप्टेंबर दगड ओला असतो, अक्षरं उठून दिसतात पण पायऱ्या शेवाळाने निसरड्या, सांभाळून. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांत इतिहास शोधायला जाऊ नका, गणपती बघायला जा. आणि पहिल्या रविवारी त्रिशुंडला पोचलात की गेंडा दाराच्या कुठल्या अंगाला आहे ते मी मुद्दाम सांगितलेलं नाही, शोधा.